पिकल्या पानाचे मोल

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या गावात तुळशीपाशी कारीट फोडतात. पूर्वी त्यासाठी पोरांची झुंबड उडे. आता कित्येक अंगणांत ते फोडते सत्तरीची एखादी आजी, एकटीच. हे पाहून मुंबईहून आलेले आमचे चाकरमानी बांधव हळहळतात, "गाव संपला हो मास्तर!" म्हणतात आणि आल्या वाटेने परत जातात. ते वाक्य मला बोचते; म्हणून हा लेखप्रपंच.

मी अर्थशास्त्री नव्हे. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. पण वर्गातली रिकामी बाके मोजायला पदवी लागत नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची मात्र घटली. तरुण गेले, म्हातारे राहिले. २०११ च्या शिरगणतीत साठी उलटलेली माणसे देशभरात दहा कोटींवर भरली. या साऱ्यांना आमची शहाणी मंडळी एका शब्दात निकालात काढतात : 'भार'!

भार? कोणाचा कोणावर? वैशाखात रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालींना मिठाचा आणि रसाचा हात देऊन त्या पुन्हा पुन्हा उन्हात घालायच्या, आणि पाऊस गाठायच्या आत आमसुले डब्यात भरायची, हे काम आमच्या गावात करते कोण? याच आज्या! त्यांना भाव मात्र मिळतो तो दारात आलेला व्यापारी सांगेल तेवढाच. आणि जे त्यांना भार म्हणतात, तेच निघताना आमसुलांची पिशवी फुकट भरून नेतात!

जपानात शिकोकू बेटावर कामिकात्सु नावाचे एक डोंगरी गाव आहे. तिथे निम्मी वस्ती पासष्टीपुढची. १९८१ च्या कडाक्याच्या थंडीने त्यांच्या संत्र्यांच्या बागा जळाल्या. पुढे योकोइशी नावाच्या शेती-सल्लागाराने १९८६ साली गावकऱ्यांना एक नवे काम सुचवले : उपाहारगृहांतली ताटे सजवण्यासाठी झाडांची पाने विकायची! लोक हसले. पण आज तिथल्या आज्या संगणकावर मागणी पाहतात, हवे ते पान हव्या त्या आकाराचे खुडतात आणि नीट बांधून शहरांत पाठवतात. पान हलके, म्हाताऱ्या हातांना पेलणारे. झाडाची ओळख मात्र जन्मभराची लागते, आणि ती म्हाताऱ्यांपाशीच असते. आम्ही 'पिकले पान' म्हणून सुस्कारे सोडतो. त्यांनी पानाचेच पैसे केले.

यावर दोन आक्षेप येतील. एक भाबडा : "या वयात त्यांना राबवता?" अहो, राबतातच आहेत त्या! प्रश्न कष्टाचा नाही, दामाचा आहे. ज्यांना विसावा हवा त्यांनी खुशाल विसावा घ्यावा. तो त्यांचा हक्क आहे. दुसरा आक्षेप लबाड : "मग यांना निवृत्तिवेतन कशाला?" श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये हे २०२३ पासूनचे मान. तेवढ्यात औषधपाणी तरी भागते का, हे आपल्या घरच्या म्हातारीला विचारावे. कमाईची संधी दिली म्हणून आधार काढून घेणे ही संधी नव्हे, ती फसवणूक.

आणि म्हातारे कमावू लागले तर तरुणांचे काय जाते? माल तोलायला, बांधायला, गाडीने बाजारात न्यायला, हिशेब ठेवायला तरुणच लागतील. म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारा रिक्षावाला, घरी येऊन मलमपट्टी करणारी परिचारिका, हीही गावातलीच पोरे असतील. पिकलेल्या गावात काम नाही, हे खरे नव्हे. कामाला दाम द्यायची आमची नियत नाही, हे खरे!

तेव्हा चाकरमानी बंधूंनो, फराळ जरूर करा. पण निघताना आजीला भाव विचारा, आणि ती लाजून "राहू दे रे बाबा" म्हणाली तरी पुरते पैसे तिच्या हातावर ठेवा. पुढल्या वर्षी चार घरे मिळून आमसुलांची सहकारी संस्था काढू म्हणा. नोंदणीचे कागद लिहायला हा मास्तर तयार आहे. गाव संपला की नाही, ते मग बोलू.