धन्य कोण?

फुलचूरहून गोंदियाला कॉलेजात यायला सायकलने फार वेळ लागत नाही. पण आमच्या घरातून कॉलेजात यायला तीन पिढ्या लागल्या. आजोबा दुसऱ्याच्या बांधीत धान कापत, बाबा राइस मिलमध्ये हमाली करतात, आई विड्या वळते. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्या धर्माविषयी आपल्या वार्षिकांकात सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून हे धाडस. चूकभूल प्राध्यापकवर्गाने पोटात घालावी.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील 5व्या अध्यायात येशूचे डोंगरावरील प्रवचन आहे. जग ज्यांना कधी धन्य म्हणत नाही, त्यांना तो आरंभीच धन्य म्हणतो. दीन, शोक करणारे, नम्र, न्यायीपणासाठी भुकेलेले, दयाळू, निर्मळ मनाचे, शांती करणारे, छळ सोसणारे. आमच्या समाजात लहान मुलांनासुद्धा ही वचने पाठ असतात. मलाही होती. पाठ असलेल्या गोष्टीचा आपण विचार करीत नाही, ही एक अडचणच आहे.

गेल्या वर्षी धानाच्या हंगामात बाबांची हमाली कट्ट्यांवर ठरली होती. बाबांना लिहिता येत नाही. रोज संध्याकाळी ते आकडा सांगत आणि मी तो माझ्या जुन्या वहीत टिपून ठेवी. महिनाअखेर मुनीमजींच्या हिशेबात 140 कट्टे कमी निघाले. मी वही पुढे केली, तर बाबा म्हणाले, "जाऊ दे ना माय, देव पाह्यते." त्याच रविवारी प्रार्थनेत नम्रतेवर उपदेश झाला. बाबा मान डोलावीत होते. मला राग आला, आणि खरे सांगायचे तर तो त्या वचनाचाच आला. राज्यशास्त्राच्या तासाला मार्क्सचे धर्म आणि अफूविषयीचे मत ऐकले होते. ते आमच्याच घरावर लिहिले आहे की काय, असे वाटले.

रागारागानेच मी तो अध्याय पुन्हा वाचला. मग लूकचा 6वा काढला. तिथे तर येशू 'मनाने दीन' असेही म्हणत नाही, सरळ गरिबांना धन्य म्हणतो. आणि लगेच पुढे श्रीमंतांना, पोट भरलेल्यांना हाय हाय म्हणतो. हा भाग उपदेशात मी फारसा ऐकलेला नाही. पुढे मत्तयाच्या 21व्या अध्यायात येशू गाढवावर बसून यरुशलेमेत येतो. तिथे त्यालाही नम्र म्हटले आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच आहे, असे पाळकसाहेबांनी विचारल्यावर सांगितले. आणि हा नम्र येशू त्याच अध्यायात मंदिरात शिरून सराफांचे चौरंग उलथून टाकतो! नम्र म्हणजे मुका, हा अर्थ मग कुठून आला?

आपल्या महाराष्ट्रातही पाहावे. 1893 साली कवी नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी आपल्या गोंदियावरूनच जाते, तेव्हा ते पुस्तक आपल्या स्टेशनावरून गेले असणार, याची मला उगीच मौज वाटते. वाचता वाचता टिळक या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि त्यांना ते सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी संसाराची काय ताटातूट झाली ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहेच. अफूने माणूस झोपतो; टिळकांची तर झोप उडाली.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. 1897 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि उपासमारीने मरणाच्या दारी आलेल्या मुली व विधवा केडगावला घेऊन गेल्या. आपला भंडाऱ्याचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतातच होता. दया ती हीच. पण त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची जी आबाळ चालली होती, तिच्याविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघड लिहिले. गव्हर्नरांचा रोष पत्करला. सरकार ख्रिस्ती माणसांचे आहे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. दयाळूपण आणि न्यायीपणाची भूक त्यांनी वेगळी केली नाही.

आज आम्ही ती वेगळी करतो, असे माझे मत आहे. नम्रतेचे वचन हमालाच्या वाट्याला, आणि दयेचे वचन भिंतीवरच्या कॅलेंडरला. न्यायीपणाच्या भुकेचे वचन नम्रतेच्या अगदी पाठोपाठ आहे, पण तिथवर उपदेश पोचेपर्यंत वेळ संपतो. वडीलमंडळींना हे बोलणे उद्धट वाटेल. मी स्वतःही काही मोठी धीट नाही. बाबांचे काम काय, असे मैत्रिणींनी विचारले तेव्हा पहिल्या वर्षी मी "मिलमध्ये आहेत" एवढेच सांगत असे. ही काही दीनता नव्हे, लाजच होती.

लूकचा अध्याय मी बाबांना वाचून दाखवला. श्रीमंतांचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. "हे बी त्याच पुस्तकात हाय?" म्हणाले. मग चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी कामावर जाताना वही त्यांनीच मागून घेतली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली. मुनीमजींना आधी हात जोडून नमस्कार केला आणि "एकदा मोजून पाहा, मालक" एवढेच म्हणाले, असे सोबतच्या हमालांनी सांगितले. 140 पैकी 90 कट्ट्यांचे पैसे मिळाले. उरलेल्या 50 चा हिशेब वहीत आहे. या हंगामापासून आणखी दोघे हमाल संध्याकाळी आपला आकडा सांगायला आमच्या घरी येतात.