जुन्या श्रुतिकांची कैफियत

गुन्हेशोधाच्या अभिजात कथांची जी रूपांतरे गेल्या शतकात नभोवाणीवरून प्रसृत झाली, त्यांची ध्वनिमुद्रणे आता कोणाच्याही खिशातल्या यंत्रावर विनासायास ऐकावयास मिळू लागल्यापासून, ती ऐकणाऱ्यांचे दोन तट पडलेले दिसतात. आणि आमच्या इगतपुरीत, जिथे पावसाळ्याचे चार महिने घराबाहेर पडणे हाच एक पराक्रम असतो आणि म्हणून ऐकण्यास व ऐकलेल्यावर वाद घालण्यास मुबलक सवड असते, हे दोन्ही तट एकाच ओसरीवर नांदतात. एक तट म्हणतो की हे सारे नाटकी, संथ आणि जाहिरातींनी बरबटलेले असून, मुळात डिटेक्टिव्हची गोष्ट हा डोळ्यांचा विषय असताना ती कानांच्या हवाली करणे हीच चूक. दुसरा तट म्हणतो की असे आवाज आता होणे नाही आणि असे लेखनही होणे नाही. आणि हे म्हणताना तो बहुधा डोळे पुसत असतो. माझ्या मते पहिल्याची फिर्याद खोटी आहे आणि दुसऱ्याचा बचाव कच्चा आहे. आणि कच्च्या बचावापायी चांगला दावा बुडतो, हे कोर्टकचेऱ्यांचे उंबरे झिजविलेल्यांस सांगावयास नको.

बचाव करणाऱ्यांचा निकाल आधी लावतो, कारण तो थोडक्यात लागण्याजोगा आहे. १९३९ ते १९४६ या काळात बॅसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांनी अमेरिकन नभोवाणीवर होम्स व वॉटसन यांच्या ज्या भूमिका केल्या, त्या या मंडळींस शिरोधार्य आहेत. परंतु त्या मालिकेतल्या कितीतरी कथा कॉनन डॉयलच्या नव्हेतच, नावे तेवढी त्याची आणि बाकीचा ऐवज इतरांचा असा तो मामला आहे, आणि त्यांतल्या कित्येकींचा शेवट इतक्या घाईने उरकलेला आहे की तपास झाला कधी आणि आरोप शाबीत झाला कधी याचा पत्ता लागू नये. ब्रूसचा वॉटसन तर असा भोळसट, की अफगाणिस्तानच्या युद्धात जखमी होऊन आलेल्या त्या लष्करी वैद्याने अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली असती तर ती खासच मंजूर झाली असती. त्याच्याहून १९५२ पासून बी. बी. सी.वर गाजलेली कार्लटन हॉब्स आणि नॉर्मन शेली यांची जोडी सरस. आणि त्यांच्याहूनही, १९८९ ते १९९८ या काळात डॉयलच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा असे सर्वच्या सर्व साठ प्रसंग ज्यांनी पार पाडले, ते क्लाइव्ह मेरिसन आणि मायकेल विल्यम्स मला अधिक मान्य आहेत. जुने ते सोने हा न्याय लावावयाचा तर हा क्रम उलटा करावा लागेल, आणि त्यास माझे कान रुकार देत नाहीत. स्मरणरमणीयता हा पुरावा नव्हे.

आता फिर्यादी पक्ष. जाहिरातींविषयीची त्यांची हरकत मला फारशी गंभीर वाटत नाही. विल्यम जिलेट याने १९३० च्या ऑक्टोबरात अमेरिकन नभोवाणीवर प्रथम होम्स उभा केला तो एका कॉफीवाल्या कंपनीच्या पैशावर. रॅथबोनच्या काळी वॉटसन शेकोटीपाशी बसून निवेदकाला गोष्ट सांगे आणि निवेदक मध्येच द्राक्षमद्याची थोरवी गाई. आणि आपल्याकडे १९६७ च्या नोव्हेंबरात विविध भारतीवर व्यापारी प्रसारण सुरू झाल्यानंतर जो ‘इन्स्पेक्टर ईगल’ विनोद शर्मा यांच्या आवाजात घरोघरी पोहोचला, त्याचे आडनाव थर्मासच्या छापावरून आलेले होते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. परंतु १८९१ च्या जुलैपासून होम्सच्या कथा ज्या ‘स्ट्रँड’ मासिकात छापल्या जात, त्यातही साबण आणि औषधे यांच्या जाहिराती होत्याच. छापील जाहिरात ओलांडून पुढे जाणाऱ्याने बोलकी जाहिरात ओलांडण्याचा आळस करावा आणि दोष मात्र श्रुतिकेच्या माथी मारावा, हे न्यायाचे नव्हे.

नाटकीपणाचा आरोप मात्र जरा निवांतपणे तपासला पाहिजे, कारण त्यात निरीक्षण खरे आहे आणि निष्कर्ष खोटा आहे. जुन्या श्रुतिकांत खलनायक घोगराच बोलतो, वृद्धा कापऱ्या आवाजातच बोलते, पोलीस अधिकारी प्रत्येक वाक्य टेबलावर मूठ आपटल्यासारखे उच्चारतो, आणि दोन पात्रे एकापाठोपाठ बोलताना मध्ये चमत्कारिक विसावा घेतात. हे सगळे कानांत बोंडे घालून, स्वच्छ केलेल्या ध्वनिमुद्रणावर, बंद खोलीत ऐकणाऱ्यास अतिरंजित वाटणार यात नवल नाही. परंतु ते त्याच्यासाठी केलेलेच नव्हते. ते मध्यम लहरींवरून जाण्यासाठी केलेले होते, जिथे आवाजाचा वरचा भाग छाटला जाऊन ‘स’ आणि ‘फ’ यांतले अंतर पुसट होई, आणि दोन पुरुष एकाच धाटणीने बोलू लागले तर फिर्यादी कोण आणि आरोपी कोण हे उमगेनासे होई. या बाबतीत इगतपुरीकरांचा दाखला ग्राह्य धरावा अशी माझी विनंती आहे. मुंबईहून आगगाडीने १३७ किलोमीटरांवर असलेले हे गाव थळ घाटाच्या माथ्यावर आहे. घाटातली १ : ३७ ची चढण चढविण्यासाठी कसाऱ्यास गाडीच्या पाठीमागे जोडलेली बँकर एंजिने इथे सुटतात. आणि १९३० च्या सुमारास मुंबईकडची विजेची तार इथवर येऊन पोहोचल्यापासून, तारेला घासत जाणाऱ्या एंजिनाच्या ठिणग्यांची खरखर रेल्वे वसाहतीतल्या रेडिओच्या नशिबी आली. वरून आषाढातल्या विजांचा कडकडाट. या गदारोळातून मुंबई केंद्राची श्रुतिका किंवा विविध भारतीचे ‘हवामहल’ ऐकणाऱ्यास घोगरा आवाज घोगरा आणि कापरा आवाज कापरा असणे ही सोय होती, आणि तो चमत्कारिक विसावा तर प्रत्यक्ष कृपा होती, कारण मागच्या वाक्यातला जो शब्द खरखरीने गिळला तो मनाशी जुळवून घेण्यास तेवढाच अवधी मिळे. ज्यास आज नाटकीपणा म्हणतात तो त्या काळच्या नटाचा श्रोत्याविषयीचा विवेक होता. नभोवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालेत टेकाडे भावजी आणि प्रभाकरपंत यांच्या बोलण्याच्या ढबी इतक्या वेगळ्या का ठेवल्या होत्या, असा प्रश्न कधी कोणी विचारला नाही, तो कौटुंबिक मामला होता म्हणून क्षम्य, आणि खून झाला की अक्षम्य, असे का असावे?

आणि मुख्य आक्षेप. होम्स पाहतो, चिखलाचे डाग, झिजलेली बाही, जोड्यावरचे ओरखडे हे त्याचे भांडवल, तेव्हा ज्या माध्यमात काहीच दिसत नाही त्यात त्याचे दिवाळे निघालेच पाहिजे, असे हा पक्ष म्हणतो. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि तो करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मूळ कथा अलीकडे वाचलेल्या नसतात. ठिपकेदार पट्ट्याची जी सुप्रसिद्ध कथा आहे तीच घ्या. हेलन स्टोनर ही भयभीत तरुणी सकाळी सकाळी होम्सकडे येते, आणि तो तिला सांगतो की तुम्ही आगगाडीने आलात, कारण तुमच्या हातमोज्यात परतीच्या तिकिटाचा अर्धा तुकडा आहे; आणि तुम्ही छोट्या घोडागाडीत बसलात, कारण डाव्या बाहीवर चिखल उडाला आहे. आता वाचकास ते तिकीट आणि तो चिखल आधी दिसला होता काय? मुळीच नाही. होम्स बोलला तेव्हाच तो वाचकास कळला, म्हणजे कानांनीच कळला. छापील पानावरचे ते सुप्रसिद्ध निरीक्षण हे पानावरही बोलणेच आहे. आणि श्रुतिकेच्या श्रोत्याचे त्यात एका दमडीचेही नुकसान झालेले नाही. पुढे तर आणखी मौज आहे. ती तरुणी आपली हकीकत सांगू लागते तेव्हा होम्स उशीला डोके टेकून डोळे मिटून घेतो! जगातला सर्वांत तीक्ष्ण डोळ्यांचा मनुष्य साक्षीदाराची जबानी घेताना डोळे मिटतो, आणि आमचे आक्षेपक मात्र डोळ्यांवाचून तपास कसा होणार म्हणून चिंताक्रांत असतात.

त्या जबानीत आहे तरी काय? रात्री ऐकू आलेली मंद शीळ. धातूची वस्तू पडल्यासारखा खणखणाट. आणि मरणाऱ्या बहिणीच्या तोंडचे दोन अर्धवट समजलेले शब्द. पुढे होम्स आणि वॉटसन ज्या खोलीत पहारा करतात तिथला दिवा त्यांनी मालवलेला असतो, आणि ते तास दूरच्या घड्याळाचे ठोके मोजण्यात जातात. डॉयलने स्वतःच या कथेचे १९१० साली रंगभूमीसाठी नाटक केले, परंतु रंगभूमीवर अंधार म्हणून जो दाखवावा लागतो तो प्रेक्षकास थोडा तरी दिसणारा अंधार असतो. श्रुतिकेतला अंधार संपूर्ण असतो, आणि तीत शीळ ऐकू आली की ती होम्सला जेवढी ऐकू आली तेवढीच श्रोत्यालाही येते. जिलेटने नभोवाणीवरच्या पहिल्या प्रयोगासाठी नेमकी हीच कथा निवडलेली होती, आणि तो योगायोग होता असे मला वाटत नाही.

श्रोत्यास पाने उलटून मागे जाता येत नाही, म्हणून पुराव्याची पडताळणी करता येत नाही, असेही एक म्हणणे आहे. परंतु न्यायाधीशासमोर साक्षीदार बोलतो तेव्हा तोही पाने उलटीत नसतो. तो लक्ष देतो. १९३९ मध्ये सुरू झालेल्या एलरी क्वीनच्या मालिकेत तर रहस्याचा उलगडा होण्यापूर्वी नाटक थांबवून, बोलाविलेल्या पाहुण्यांना गुन्हेगार कोण हे विचारीत असत. इगतपुरीच्या वसाहतीत हा प्रकार कोणी न शिकविताच चाले. रात्रपाळीच्या ड्रायव्हरास किंवा गार्डास बोलावण्यासाठी कॉलबॉय दारात येऊन उभा राही, तो नेमका खून झाल्यानंतर आणि उलगडा होण्यापूर्वी. मग तो बिचारा अर्धी श्रुतिका डोक्यात घेऊन भुसावळच्या वाटेला लागे, आणि दुसऱ्या दिवशी परतला की शेवट ऐकण्याआधी स्वतःचा तर्क रुजू करी, आणि तो खरा निघाला तर चहा इतरांनी पाजावा, असा अलिखित दंडक होता. या मंडळींस पाने कधीच मिळाली नव्हती, तरी त्यांचे तर्क पुस्तकवाल्यांच्या तर्कांपेक्षा कमी कसाचे होते असे मी म्हणणार नाही.

शिवाय काही पुरावे असे असतात की ते कानांनाच सचोटीने देता येतात. हरवलेल्या शर्यतीच्या घोड्याची कथा सर्वांस ठाऊक आहे, जीत रात्री कुत्रा भुंकला नाही हीच उलगड्याची किल्ली ठरते. पानावर लेखकाला हे झाकता येते, कारण न भुंकलेल्या कुत्र्याविषयी त्याने काही लिहिलेच नाही तर वाचकाला ते कळत नाही. पण कोणी दिग्दर्शकाने संध्याकाळच्या प्रसंगी परक्या माणसावर सोडलेला कुत्रा भुंकताना ऐकविला, आणि रात्रीच्या प्रसंगी तबेल्याचे दार, घोड्याच्या टापा हे सारे ऐकवून कुत्रा मात्र मुका ठेवला, तर पुरावा श्रोत्याच्या कानांत प्रत्यक्ष घातला गेला. त्याने तो ओळखला नाही तर तो त्याचा गहाळपणा. (शांतता ऐकू येते की नाही, हा प्रश्न निदान आमच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्राच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तरी विचारू नये, तिथे दूरदेशची माणसे दहा दहा दिवस मौन पाळण्यास येतात.) ऑर्सन वेल्सने १९३९ मध्ये ॲगाथा ख्रिस्तीच्या रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाच्या कथेत डिटेक्टिव्ह प्वारो आणि कथा सांगणारा डॉक्टर शेपर्ड या दोन्ही भूमिका स्वतःच केल्या, त्यावर भक्त खूष असतात आणि आक्षेपक नाराज. ज्यांनी ती कादंबरी वाचलेली नाही त्यांच्या आनंदावर विरजण न घालता एवढेच म्हणतो, की कथा सांगणारा कानाशी लागून बोलतो तेव्हा आपण त्याच्यावर छापील अक्षरांपेक्षा अधिक विश्वास टाकतो, आणि त्या कथेस नेमकी तीच गरज आहे.

ख्रिस्तीबाईंना हे उमगलेले होते. राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त १९४७ साली त्यांनी बी. बी. सी.साठी जी श्रुतिका लिहिली, तीच वाढून १९५२ मध्ये ‘द माउसट्रॅप’ हे नाटक झाले, आणि लंडनच्या रंगभूमीवर सर्वांत दीर्घकाळ चाललेले नाटक म्हणून ते प्रसिद्धी पावले. म्हणजे श्रुतिका ही ग्रंथाची किंवा नाटकाची उष्टी पत्रावळ असते हा समज निदान इथे तरी उलटा आहे. आणि मराठी माणसास तर हे पटण्यास अडचण पडू नये. आख्यान लावून रात्र रात्र कीर्तन ऐकणाऱ्या या मुलखात गुंतागुंतीची कथा कानांनी धरून ठेवण्याचा सराव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. होम्सच्या कथा मराठीत आणणारे भालबा केळकर पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचे, म्हणजे पक्के रंगकर्मी होते, ही गोष्टही मला बोलकी वाटते. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड ज्यांनी ग्रंथालयातून आणून एकाने वाचावे आणि चौघांनी ऐकावे अशा रीतीने संपविले, त्यांच्या घरी श्रुतिका वेगळ्या रूपाने आधीपासूनच नांदत होती.

आता माझ्या पक्षाला जे सोडावे लागते ते सोडतो. नाचणाऱ्या आकृत्यांची जी सांकेतिक लिपी डॉयलने एका कथेत योजिली, तिचे श्रुतिकेत काय करावे हे मलाही सांगता येत नाही. चित्र हे चित्रच, आणि वॉटसनने त्याचे कितीही वर्णन केले तरी श्रोता उपाशीच राहतो. नकाशे आणि वेळापत्रके यांवर उभ्या असलेल्या कथांविषयीही आक्षेपकांचे म्हणणे मान्य करण्याच्या बेतात मी होतो; फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्‌स हा स्वतः रेल्वेचा एंजिनिअर, त्याच्या कथांतला आरोपी अमुक गाडीने निघाला आणि तमुक जंक्शनावर उतरला या हिशेबात सारा गुन्हा दडलेला, आणि हे आकडे कानांनी धरून ठेवणे सामान्य श्रोत्यास जड जाणार हे खरेच आहे. परंतु आमच्या शेजारी जे निवृत्त गार्ड राहतात, त्यांना पस्तीस वर्षांपूर्वीच्या पॅसेंजरच्या वेळा कसाऱ्यापासून मनमाडपर्यंत स्थानकवार तोंडपाठ आहेत, आणि अशी एक कथा मी त्यांना वाचून दाखविली तेव्हा आरोपीने सांगितलेली गाडी त्या जंक्शनावर त्या वेळी पोहोचूच शकत नाही हे त्यांनी क्रॉफ्ट्‌सच्या डिटेक्टिव्हच्या, इन्स्पेक्टर फ्रेंचच्या, दोन प्रकरणे आधीच मला सांगितले.