किल्ला पुन्हा बांधता येतो, पण आत कोण उभं राहणार?

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या कार्यक्रमात हल्ली शनिवारवाडा आणि सिंहगडाबरोबर आंबेगावची शिवसृष्टीही असते. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या कल्पनेतून उभ्या राहत असलेल्या या प्रकल्पाचा पहिला टप्पा, म्हणजे सरकारवाडा, १९ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवजयंतीला खुला झाला. बाबासाहेब तो पाहायला नव्हते. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांचं निधन झालं होतं. परत आलेली मुलं उत्साहाने सांगतात, मोठी माणसंही सांगतात, आणि मग बोलणं हमखास एका वळणावर येतं: असं काही आपल्या उज्जैनला का नाही?

प्रश्न साधा वाटतो, पण आत्ता तो विचारण्याला कारण आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक, जिंजी, तामिळनाडूतला. आपल्या माळव्यातलं एकही ठिकाण त्यात नाही. ती यादी गडकोटांची आहे, म्हणून तक्रार करण्याचं कारण नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यावर सम्राट विक्रमादित्यावरचं महानाट्य तीन दिवस झालं, हत्तीघोड्यांसह. आणि आता २०२८च्या सिंहस्थासाठी आपल्या शहरात रस्ते रुंद होत आहेत, नवी बांधकामं उभी राहत आहेत. म्हणजे इतिहास उभा करून दाखवण्याचा हा काळ आहे. त्यात आपण काय मागायचं, हे आपल्याला आधी ठरवावं लागेल.

जुनं जपणं, पुन्हा बांधणं, नवीन रचणं

या तीन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो. रायगडावर पडका दरबार आहे तसा राखणं, हे जपणं झालं. १९६४च्या व्हेनिस सनदेने जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना जो दंडक घालून दिला, त्याचा मथितार्थ असा की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. म्हणून 'रायगड पुन्हा जसाच्या तसा बांधा' ही मागणी कितीही मनापासून असली, तरी ती सोपी नाही. जसाच्या तसा म्हणजे कसा, हे सांगणारा पुरावा प्रत्येक भिंतीसाठी लागतो.

पुन्हा बांधण्याचं जगातलं मोठं उदाहरण कॅनडातल्या लुईबर्गचं आहे. हा फ्रेंचांचा तटबंदीचा किल्ला आणि गाव. १७५८ मध्ये तो इंग्रजांनी जिंकला आणि १७६० मध्ये तट सुरुंगाने उडवून दिले. दोनशे वर्षं तिथे फक्त ढिगारे होते. १९६१ पासून कॅनडा सरकारने जुने नकाशे आणि कागद समोर ठेवून, उत्खनन करून, मूळ गावाचा सुमारे पाव भाग पुन्हा उभा केला. बांधकामाला माणसं कोण? खाणी बंद पडल्यामुळे बेकार झालेले त्याच भागातले कोळसा-कामगार. त्यांना जुन्या पद्धतीचं दगडकाम आणि सुतारकाम शिकवलं गेलं. म्हणजे किल्ल्याबरोबर कारागीरही तयार झाले.

आपल्या जवळचं उदाहरण इंदूरच्या राजवाड्याचं. १९८४च्या दंगलीत त्याचा मागचा भाग जळाला. पुढे २००६-०७ च्या सुमारास तो दगड, चुना आणि लाकूड वापरून पुन्हा बांधला गेला. मध्ये वीसेक वर्षं गेली, पण आज पाहणाऱ्याला तिथे खोटेपणा टोचत नाही.

शिवसृष्टी हा तिसरा प्रकार. मूळ जागेवर नाही, जुन्या भिंतीला हात लावलेला नाही. वेगळ्या जमिनीवर नव्याने रचलेलं. यात एक प्रामाणिकपणा आहे, कारण बिघडलं तर नवीनच बिघडेल, जुनं शाबूत राहील. आपला महाकाल लोकही याच प्रकारातला, फरक इतकाच की तो इतिहास असल्याचा दावा करत नाही.

नव्या रचनेचा धोका आपण उज्जैनकरांनी डोळ्यांनी पाहिला आहे. २८ मे २०२३ च्या वादळात महाकाल लोकातल्या सप्तर्षींच्या सातांपैकी सहा मूर्ती पडल्या. पुढच्या वर्षी २६ ऑगस्टला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. उभारून नऊ महिनेही झाले नव्हते. दोन्ही वेळी चर्चा ठेकेदार आणि पक्ष यांच्याभोवती फिरली. आम्हाला त्यातून वेगळंच दिसतं. उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि काम तिच्या मागे धावतं. लुईबर्गला आणि राजवाड्याला जो वेळ मिळाला, तो यांना मिळाला नाही.

पोशाखातला माणूस

भिंतींपेक्षा अवघड प्रश्न माणसांचा आहे. लुईबर्गमध्ये जुन्या पोशाखातली माणसं वावरतात. त्यात गव्हर्नर आणि अधिकारी असतात, पण शिपाई, कोळी, मोलकरीण आणि भटारीही असतो. शिपायांना मिळायची तशी जाडसर पावाची वडी तिथल्या भट्टीत भाजून विकतात. पाहुण्याला लढाईच्या तारखांबरोबर तो पावही लक्षात राहतो.

अमेरिकेतलं विल्यम्सबर्ग याहून जुनं. १९२६ पासून रॉकफेलर यांच्या पैशाने तिथे अठराव्या शतकातलं शहर पुन्हा उभं राहिलं. पण पहिली अनेक दशकं तिथे बहुतेक साहेबांचीच कथा सांगितली गेली, आणि मूळ शहराची निम्मी वस्ती तर काळ्या लोकांची होती, बहुतेक गुलाम. १९७९ पासून त्यांचीही बाजू पोशाखातली माणसं सांगू लागली. १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग करून दाखवला तेव्हा मोठा वाद झाला. ही गोष्ट दुखरी आहे, ती नाटकासारखी करावी का, असा तो वाद होता. दोन्ही बाजूंकडे मुद्दा होता.

आपल्याकडे पोशाखातला इतिहास म्हटलं की 'जाणता राजा' आठवतं, किंवा ६ जूनचा रायगडावरचा राज्याभिषेक सोहळा, ढोलताशे आणि मर्दानी खेळ. अंगावर काटा येतो, यात शंका नाही. पण तिथे बहुधा राजे आणि वीर असतात. जातं ओढणारी, पखालीने पाणी वाहणारा, मोडीत हिशेब लिहिणारा कारकून क्वचितच दिसतो, आणि दिसला तरी तो बोलत नाही.

समजा उज्जैनला शिंद्यांचा एक वाडा उभा केला. त्यात कोणाला उभं करायचं? राणोजी, महादजी आणि बायजाबाई तर हव्यातच. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या पुढाकाराने महाकाल मंदिर पुन्हा उभं राहिलं, तेही हवेत. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरच्या लष्करात नेली, तोवर उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती, हे आज शहरातल्या किती पाट्यांवर लिहिलं आहे?

पण तेवढ्यावर थांबलो तर ती आपल्या घरची आरती होईल. २९ नोव्हेंबर १७२८ ला अमझेऱ्याला चिमाजी अप्पांनी माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला, आणि आपले पूर्वज इथे येण्याची वाट मोकळी झाली. आपल्यासाठी तो विजय. चौथाई भरणाऱ्या माळवी शेतकऱ्यासाठी तो काय होता? जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी इथेच, उज्जैनजवळ, शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि त्याच ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं. दोन्हीकडे मराठे. होळकरांच्या बाजूची आणि शिंद्यांच्या बाजूची कुटुंबं आज आपल्याच गणेशोत्सवात शेजारी बसतात. हा प्रसंग वाड्यात दाखवायचा की गाळायचा? आमच्या मते दाखवला पाहिजे. नाही तर मुलं मोठी झाल्यावर तो दुसऱ्या कोणाच्या तोंडून, दुसऱ्या हेतूने ऐकतील.

आपल्याकडे आहे ते

असा वाडा बांधायला पैसा, जमीन आणि सरकार लागतं. पण सांगणारा माणूस आपल्याकडे पूर्वीपासून आहे. महाकाल मंदिरात शिवनवरात्रात नारदीय कीर्तन होतं. कीर्तनकार अंगरखा-उपरणं-पगडीत उभा राहतो. आख्यान लावताना क्षणभर तो राजा होतो, क्षणात दासी होतो आणि पुन्हा कीर्तनकार होऊन 'आता पुरावा काय सांगतो' हेही सांगू शकतो. परदेशात पोशाखातल्या माणसांपुढे नेहमी प्रश्न असतो की भूमिका सोडून पाहुण्याला उत्तर द्यावं की देऊ नये. कीर्तनाने तो केव्हाच सोडवला आहे.

सवारीचंही तसंच. श्रावणातले सोमवार संपल्यावर भाद्रपदातही महाकालाची सवारी का निघते, हे बाहेरून आलेले नेहमी विचारतात. उत्तरेचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचा भाद्रपदाचा पहिला पंधरवडा हा आपला श्रावणच. शहराच्या सर्वांत मोठ्या उत्सवात मराठी पंचांग असं बसलेलं आहे, पण पालखी पाहायला उभ्या असलेल्या आपल्याच मुलांना ते माहीत नसतं.

गोपाळ मंदिराच्या चांदीच्या दारांची गोष्ट आपण सगळेच सांगतो: सोमनाथची दारं, गझनीला गेलेली, महादजींनी परत आणलेली. मंदिर बायजाबाईंनी बांधलं, हा इतिहास. दारांची कथा ही परंपरा. 'असं झालं' आणि 'असं सांगतात' यांतला फरक सांगणारा माणूस दारापाशी उभा असेल, तर पाहुणा दोन्ही गोष्टी आनंदाने घेऊन जाईल. महाकाल मंदिराशेजारच्या महाराजवाड्यात पूर्वी शाळा भरत असे, आता तिथे हेरिटेज हॉटेल झालं आहे. इमारत वाचली, हे चांगलंच झालं. पण वाचलेल्या इमारतीची गोष्ट कोण सांगणार, हे काम शिल्लकच आहे.

आणि सर्वांत जवळचं उदाहरण देवास गेटचं. रोज शेकडो माणसं तिथून इंदूर-देवासच्या बसा पकडतात. बसस्टँडला नाव आहे शहीद राजाभाऊ महाकाल यांचं. उज्जैनचा हा मराठी तरुण गोवामुक्तीच्या सत्याग्रहात १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांच्या गोळीबारात हुतात्मा झाला. या गोष्टीला तट, बुरूज, हत्ती काही लागत नाही. वर्षातून एकदा, १५ ऑगस्टला, त्या पाटीखाली उभं राहून ती मराठीत, हिंदीत आणि माळवीत सांगणारी दोन मुलं पुरतील.

म्हणून आम्हाला वाटतं, शिवसृष्टीसारखं काही मागण्याआधी आपल्या संस्थेने तीन कामं हाती घ्यावीत. सिंहस्थाच्या कामांत जुने वाडे जाण्याआधी त्यांची छायाचित्रं आणि मोजमापं नोंदवावीत. घरोघरी माळ्यावर पडलेले मोडी कागद वाचून घ्यावेत. आणि आठवीच्या पुढच्या मुलांना सांगण्याचं शिक्षण द्यावं: काय झालं, कोणाला काय भोगावं लागलं, आणि काय फक्त सांगितलं जातं. पुढे कधी वाडा उभा राहिलाच, तर त्यात उभं राहायला माणसं तयार असतील. नाही राहिला, तरी देवास गेटला उतरणाऱ्या पाहुण्याला शहर दाखवायला आपली मुलं असतील.