डोळ्यांवरची पट्टी सोडा

३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन जवळ आला की एचआर विभागांना एक खेळ हमखास सुचतो. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांना पट्टी बांधायची, हातात काठी द्यायची आणि कॅन्टीनपर्यंत चालायला लावायचं. लोक खुर्च्यांवर आपटतात, हसतात, एखादीचे डोळे भरून येतात. फोटो निघतात आणि जागृती झाली असं ठरतं.

अमेरिकेत एरियल सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसह हाच खेळ तपासून पाहिला. त्या स्वतः अंध आहेत. पट्टी बांधून वावरलेल्यांच्या मनात कणव वाढली. पण अंध माणूस नोकरी करू शकेल, स्वतंत्र राहू शकेल, यावरचा त्यांचा विश्वास घटला. साहजिकच आहे. पट्टीतून कळतो तो पहिल्या दहा मिनिटांचा गोंधळ; वर्षानुवर्षं काठी वापरणाऱ्याची सफाई त्यातून कशी कळणार? आणि पट्टी सोडलेला हाच साहेब पुढच्या महिन्यात मुलाखती घ्यायला बसतो.

शिकवायचंच तर कचेरीत काम नेमकं कुठं अडतं ते शिकवा. परिपत्रक टाइप होतं, छापलं जातं, सही-शिक्का होतो आणि मग त्याचं स्कॅन केलेलं पीडीएफ सगळ्यांना जातं. एनव्हीडीएसारख्या फुकट मिळणाऱ्या स्क्रीन रीडरला ते पान निव्वळ चित्र असतं, वाचण्यासारखं त्यात काही सापडत नाही. मराठीत आणखी एक गंमत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. यंत्र तेच बरळत सुटतं. उपाय काय, तर युनिकोडमध्ये टाइप करणं आणि मूळ फाइल सोबत जोडणं. हा धडा टायपिस्टला हवा, आयटीला हवा आणि हजेरीचं अ‍ॅप विकत घेणाऱ्या खरेदी विभागाला तर सगळ्यात आधी हवा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. वाजवी सोय नाकारणं हा त्यात भेदभावच मानला आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनंही समान संधी धोरण जाहीर करायचं आणि संपर्क अधिकारी नेमायचा, असं नियम सांगतात. तुमच्या कंपनीतला तो अधिकारी कोण, हे शेजारच्या टेबलावर विचारून बघा.

या २१ प्रकारांतले कित्येक वरून दिसतच नाहीत. विदर्भात बऱ्याच घरांत असलेला सिकलसेल घ्या. थंडीनं त्याच्या वेदना उसळू शकतात. एसीच्या झोताखालची जागा बदलून देणं, पाणी प्यायला नि बसायला मोकळीक देणं, याला खर्च शून्य. पण त्यासाठी त्या माणसानं आजार सांगायला हवा. पट्टीच्या खेळानंतर सहकाऱ्यांच्या तोंडून निघालेलं 'बिच्चारे' त्यानंही ऐकलेलं असतं. तो कशाला सांगेल?

तेव्हा यंदा दिव्यांग व्यक्तीलाच प्रशिक्षक म्हणून बोलवा. शाल-श्रीफळावर मात्र बोळवण नको. नेतृत्वविकासाचे धडे देणाऱ्या सल्लागाराला देता तेवढंच मानधन द्या.