वयाच्या नावानं बोंब

गोंदियात पन्नाशीच्या आत बोळकं झालेल्या माणसाला विचारा, दात कसे गेले? तो वयाला दोष देईल, नाहीतर दात साफ करून देणाऱ्या डॉक्टरला शिव्या घालेल. बोलताना हातातली पन्नी मात्र थांबायची नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं चालूच.

न घासलेल्या दातावर जिवाणूंचा चिकट थर धरतो. डच कापडव्यापारी लेव्हेनहूकनं 1683 मध्ये आपल्याच दातांवरचा असा थर भिंगाखाली धरला, तेव्हा त्याला त्यात वळवळणारे जीव दिसले. 1965 मध्ये दंतसंशोधक हेराल्ड ल्यो यांनी निरोगी हिरड्यांच्या लोकांना दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू होताच आठवडाभरात बऱ्या झाल्या. तेवढ्यात कुणी म्हातारं झालं नव्हतं.

आणि आमच्याकडे? गुडाखूनं, म्हणजे दातांवर चोळायच्या तंबाखूच्या लगद्यानं, हिरड्या घट्ट होतात म्हणे! दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं 1992 मध्येच बंदी केली, तरी छत्तीसगडला लागून असलेल्या पट्ट्यात गुडाखूचं बोट दातांवर फिरतंच आहे. खर्रा जिथं दाबून ठेवतात, तिथली हिरडी मागे सरते आणि मुळं उघडी पडतात. राज्यात बंदी असलेली सुगंधित तंबाखू पानठेल्यावर राजरोस मिळते, तो तमाशा वेगळाच.

बिडी त्याहून लबाड. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे बिडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं. तो छाती पुढे काढून सांगतो, "भाऊ, आपल्याला काही त्रास नाही." आणि त्याच वेळी हिरडीखालच्या फटीत, जिथं हवा पोचत नाही, तिथं पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जिवाणू शरीराला असे डिवचतात की शरीर स्वतःचंच हाड झिजवू लागतं. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

मग तोच थर कडक होऊन बनलेलं किटण काढल्यावर दात हलतो आणि डॉक्टर गुन्हेगार ठरतो! अहो, पडक्या भिंतीचा टेकू काढला म्हणून भिंत टेकू काढणाऱ्यानं पाडली का? दात आधीच सुटला होता. किटणानं तो नुसता थोपवून धरला होता.

हिरडीतून रक्त येतंय म्हणून ब्रश बाजूला ठेवू नका. तिथंच हलक्या हातानं रोज दोनदा घासा, दात हलायच्या आधी किटण काढून घ्या, आणि ती पन्नी फेका.