गाडीचाहि पोटखराबा वजा करावा

शेतीच्या ओढकामांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जो मोठा फरक पडला, तो म्हणजे बैलगाडीची जागा लहान मालमोटारीनें घेतली हा होय. इ. स. २००५ सालीं टाटा एस ही लहान गाडी बाजारांत आली व ‘छोटा हत्ती’ या नांवानें खेडोपाडीं ओळखली जाऊं लागली. तिच्याहून मोठ्या पिकअप गाड्या तर आतां बागायती गांवांतून जागोजागीं दिसतात. कांदा, टोमॅटो, डाळिंब, दुधाचे कॅन, खताच्या गोण्या आणि टंचाईच्या दिवसांत बागेसाठीं पाण्याची टाकी, हें सर्व याच हौद्यांतून जातें. या सोयीबद्दल आमची तक्रार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं गाडी घेतांना जो शेतकरी किंमत, हप्ता व डिझेलचा खर्च यांची बारकाईनें चौकशी करितो, तोच शेतकरी ‘या गाडीस किती किलो झेपेल’ हा प्रश्न क्वचितच विचारतो. हौदा दिसेल तेवढा भरावयाचा, हीच मोजणी सर्वत्र चालू आहे. ही मोजणी खोटी असून तिची किंमत अखेर शेतकऱ्यास, त्याच्या चालकास व मालावर बसलेल्या मजुरास द्यावी लागते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

महसूल खात्याच्या कारकुनींत आमचीं पुष्कळ वर्षें सातबाराच्या उताऱ्यांत गेलीं. उताऱ्यावर एकूण क्षेत्र कितीहि मोठें दिसलें, तरी त्यांतून पोटखराबा वजा जातो व उरेल तेंच लागवडीयोग्य, हें प्रत्येक खातेदारास ठाऊक आहे. दोन हेक्टरांत चाळीस आर नाला व खडक असेल, तर कोणी शहाणा माणूस दोन हेक्टरांचें बियाणें आणीत नाहीं. गाडीच्या नोंदणी पुस्तकास, ज्यास आपण आर. सी. म्हणतों, हाच न्याय लागू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५८ व्या कलमाप्रमाणें भारवाहू गाडीच्या नोंदणींत तिचें रिकामें वजन, भारासह एकूण वजन, आंसांवरील वजन व टायरांची संख्या आणि आकार हीं नोंदलेलीं असतात. ११३ व्या कलमाप्रमाणें भारासह वजन त्या नोंदलेल्या आंकड्यापलीकडे जातां कामा नये. एकूण वजनांतून रिकामें वजन वजा केलें, कीं गाडीची ताकद निघाली, असें पुष्कळांस वाटतें. परंतु ती वजाबाकी तेथें पुरी होत नाहीं. कायद्याच्या व्याख्येंतील रिकाम्या वजनांत चालक व मदतनीस यांचें वजन धरलेलें नसतें, आणि गाडी घेतल्यानंतर गांवच्या कारागिराकडून बसविलेली लोखंडी जाळी, ताडपत्रीची चौकट, जादा चाक किंवा अवजारांची पेटी यांचीहि त्यांत नोंद नसते. हाच गाडीचा पोटखराबा होय.

उदाहरणादाखल आपण एक हिशेब करूं. समजा, एका पिकअपचें नोंदलेलें एकूण वजन २,९०० किलो व रिकामें वजन १,६०० किलो आहे. वजाबाकी १,३०० किलो झाली. पुढें तीन माणसें बसलीं, त्यांचे २१० किलो गेले, राहिले १,०९०. मागाहून बसविलेल्या जाळीचे व चौकटीचे ९० किलो धरले, तर राहिले १,००० किलो. आतां या गाडींत बागेसाठीं पाण्याची टाकी ठेवावयाची आहे. लोखंडी टाकी १५० किलो, इंजिनासह पंप ६० किलो व नळ्या २० किलो, असे २३० किलो पाण्याचा थेंबहि न भरतां खर्ची पडले. शिल्लक ७७० किलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. अर्थात् या गाडीस ७७० लिटरांहून अधिक पाणी झेपत नाहीं. कागदावर १,३०० किलो वाहणारी गाडी प्रत्यक्षांत हजार लिटरांची टाकीहि भरून नेऊं शकत नाहीं, हें वाचून कोणास नवल वाटेल. परंतु आंकडे हेच सांगतात.

हौद्याची जागा मात्र याच्या अगदीं उलट साक्ष देते. आठ फूट लांब व साडेपांच फूट रुंद हौद्यांत नुसतें एक फूट उंच पाणी उभें केलें, तर तें ४४ घनफूट, म्हणजे सुमारें १,२४६ लिटर होतें. गुडघ्यापर्यंतहि न पोंचणारें हें पाणी वरील गाडीच्या भारापलीकडे गेलेलें असतें. भुसा, कडबा किंवा रिकामीं खोकीं यांनीं हौदा कांठोकांठ भरला तरी कांहीं बिघडत नाहीं. पाणी, ओली वाळू व खत यांनीं तो अर्धा भरला तरी गाडी दबते. डोळ्यास जागा दिसते, वजन दिसत नाहीं. म्हणूनच काटा लागतो.

या बाबतींत अमेरिकेंतील एक रीत विचार करण्यासारखी आहे. तिकडे सहलीस जाणारीं कांहीं कुटुंबें पिकअपच्या हौद्यांत एक लहानशी खोलीच सरकवून बसवितात. तिला कॅम्पर म्हणतात. तींत बिछाना, शेगडी, शीतकपाट, गॅस व पाण्याची टाकी असते. सहल संपली कीं ती पायांवर उभी करून गाडी खालून काढून घेतात. हलका कॅम्पर सुमारें ४५० किलोंचा, तर मोठा १,८०० किलोंच्याहि वर असतो. हौद्यांत बसला म्हणजे गाडीस झेपला असें होत नाहीं, ही अडचण तिकडेहि आहे. म्हणून तेथील संघराज्य सरकारच्या मोटार सुरक्षा नियमांनीं जबाबदारी दोन्हीं बाजूंवर टाकली आहे. कॅम्पर करणाऱ्यानें त्यावर पट्टी लावून त्याचें जास्तींत जास्त वजन सांगावयाचें, आणि त्या वजनांत पाणी किती, गॅस किती व शीतकपाट केवढें धरलें आहे, हेंहि लिहावयाचें. गाडी करणाऱ्यानें मालाचें किती वजन चालेल, व त्या मालाचा गुरुत्वमध्य हौद्याच्या कोणत्या भागांत पडला पाहिजे, हें सांगावयाचें. तें सांगतांना गाडींतील प्रत्येक आसनामागें १५० पौंड, म्हणजे सुमारें ६८ किलो, आधींच वजा धरावयाचे. तिकडे ‘अर्ध्या टनाची’, ‘पाऊण टनाची’ व ‘एक टनाची’ गाडी अशीं नांवें अजून रूढ आहेत. परंतु तीं जुन्या काळचीं असून आजच्या खऱ्या क्षमतेशीं जुळत नाहींत. म्हणून जाणता मालक नांवावर न जातां दाराच्या चौकटीवर चिकटविलेली पट्टी वाचतो. आपल्याकडेहि ‘छोटा हत्ती’ या लाडक्या नांवावरून हत्तीचें ओझें लादणारे कमी नाहींत.

गुरुत्वमध्याची गोष्ट आमच्या वाचकांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. बैलगाडींत ओझें मागें गेलें, तर गाडी उलाळ होते व जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जातें. ओझें फार पुढें आलें, तर बैलांच्या माना दबतात, हें आपल्या वाडवडिलांस कोणी शिकवावें लागलें नाहीं. पिकअपमध्यें बैल नाहींत, पण उलाळपणा तोच आहे. समजा, पुढच्या व मागच्या आंसांत तीन मीटर अंतर आहे व ९०० किलोंची टाकी ठेविली आहे. तिचा मध्य मागच्या आंसाच्या अर्धा मीटर पुढें असेल, तर ७५० किलो मागच्या आंसावर व १५० किलो पुढच्या आंसावर पडतात. तीच टाकी सरकून मध्य मागच्या आंसाच्या अर्धा मीटर मागें गेला, तर मागच्या आंसावर १,०५० किलो येतात आणि पुढच्या आंसावरचे १५० किलो उलट उचलले जातात. पुढचीं चाकें हलकीं झालीं, कीं सुकाणू नीट लागत नाहीं व पुढचे ब्रेकहि नीट धरीत नाहींत. म्हणजे एकूण वजन नियमांत असूनहि ठेवण्याच्या चुकीमुळें गाडी धोक्याची होते. म्हणून काट्यावर संपूर्ण गाडी तोलावीच, शिवाय पुढचीं चाकें व मागचीं चाकें निरनिराळीं तोलावीं.

पाण्याचा आणखी एक अवगुण आहे. गोण्या बांधल्या कीं स्थिर राहतात. अर्धी भरलेली टाकी वळणावर व ब्रेक दाबतांच सगळें पाणी एका बाजूस लोटते. मोठी टाकी घेऊन ती अर्धी भरावी, म्हणजे वजन आटोक्यांत राहील, असा सल्ला कांहीं ठिकाणीं दिला जातो. तो आम्हांस मान्य नाहीं. गाडीस ७५० लिटर झेपत असतील, तर ७५० लिटरांचीच टाकी घ्यावी व ती पूर्ण भरावी; आंत आडवे पडदे असले तर अधिक चांगलें. सांगोला, आटपाडीसारख्या भागांत टंचाईच्या सालीं डाळिंबाची बाग टँकरच्या पाण्यावर जगवावी लागते, हें आम्ही जाणतों. परंतु बाग वांचवितांना पोरगा गमवावा, असा सौदा कोणीहि करूं नये.

यावर पुष्कळ गाडीमालक म्हणतात, कीं आम्ही मागचे पाटे वाढवून घेतले आहेत. पाटे वाढविल्यानें गाडी बसलेली दिसत नाहीं, एवढेंच होतें. आंस, बेअरिंग, चॅसी, टायर व ब्रेक पूर्वींचेच राहतात, आणि आर. सी. वरील आंकडा तर तसूभरहि बदलत नाहीं. वजन दीडपट झालें, कीं त्याच वेगावरून गाडी थांबविण्यास ब्रेकांना दीडपट काम पडतें. कसारा किंवा माळशेज घाट उतरतांना तें काम सतत पडून ब्रेक तापतात व त्यांची पकड जाते. वाढविलेले पाटे हा धोका दूर करीत नाहींत. तो फक्त चालकाच्या दृष्टीआड करितात.

दंडाचाहि विचार करावा. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर १९४ व्या कलमांत जादा भारास वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागें आणखी दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. शिवाय माल उतरविण्याचा खर्च मालकावर, आणि जादा भार उतरल्याखेरीज गाडी हलवूं देऊं नये असेंहि म्हटलें आहे. पहांटेच्या बाजारासाठीं निघालेले टोमॅटो रस्त्याच्या कडेस उतरवावे लागले, तर त्या मालाचें काय होतें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. अपघात झाल्यास जादा भाराचें कारण दाखवून विम्याच्या रकमेवर हरकत घेण्यास जागा राहते, ती गोष्ट निराळीच.

आतां दुसऱ्या बाजूचें म्हणणें. एकाच्या जागीं दोन खेपा कराव्या लागल्या, तर डिझेल व मजुरी दुप्पट होते, मालास भाव नसतो, आणि क्विंटलवारी भाडें ठरलें म्हणजे चालकास जास्त भरण्याचाच मोह होतो. या अडचणी खऱ्या आहेत, व त्यांचा उपहास करणें आम्हांस शोभणार नाहीं. परंतु त्यांवर उपाय गाडी घेण्यापूर्वींच करावा लागतो. आधीं काम ठरवावें, कामाचें वजन काढावें, त्यांत माणसें, जाळी व टाकी मिळवावी, आणि मग त्याहून थोडी अधिक ताकदीची गाडी पाहावी. दोघां-तिघां बांधावरच्या शेजाऱ्यांनीं मिळून एक मोठी गाडी भाड्यानें केली, तर प्रत्येकाच्या जादा भरलेल्या लहान गाडीपेक्षां ती स्वस्त पडण्याचा पुष्कळ संभव आहे. जादा भाराची बचत दिसते ती त्या दिवसापुरती. टायर, क्लच व बेअरिंग यांचें बिल मागाहून येतें, म्हणून तें त्या खेपेच्या नांवें कोणी मांडीत नाहीं.

यासाठीं आमच्या तीन सूचना आहेत. पहिली: टाक्या व जाळ्या करणाऱ्या कारागिरांनीं प्रत्येक टाकीवर रिकामें वजन व भरलेलें वजन ठळक रंगानें लिहावें आणि तिच्या मध्याची रेघ ओढावी, ग्राहकांनीं तशी रेघ नसलेली टाकी घेऊं नये. दुसरी: बाजार समित्या व साखर कारखाने यांच्या काट्यांवर शेतकऱ्याच्या गाडीचें, जाळी व डिझेल भरलेल्या स्थितींतलें, वजन वर्षांतून एकदां अल्प दरांत करून द्यावें. तिसरी: आपल्या संस्थेनें सभासदांस एक साधा तक्ता छापून द्यावा. त्यांत एकूण वजन, रिकामें वजन, माणसें, मागाहून बसविलेलें सामान व शिल्लक भार असे पांचच रकाने असावे, व तो चालकासमोर चिकटवावा.

सातबारावर पोटखराबा लिहिला, म्हणून कोणाची जमीन कमी झाली नाहीं. उलट खरें क्षेत्र कळल्यानें बियाण्याचा व खताचा नाश टळला. गाडीचेंहि तसेंच आहे. ज्यांच्या दारीं पिकअप उभी आहे, त्यांनीं हा अंक हातावेगळा करण्यापूर्वीं आर. सी. काढून वरील वजाबाकी एकदां मांडावी, आणि उरलेला आंकडा आपल्या चालकास तोंडपाठ करवावा.