नवा गेम घेताय? जुनी डिस्क चालते का, हे आधी विचारा



आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा थोडा वेगळा आहे. मागच्या पालकसभेनंतर एक पालक थांबले. संत्र्याचा बगीचा आहे त्यांचा. म्हणाले, "सर, मोठं पोट्टं म्हणते प्लेस्टेशन 5 घेऊन द्या. घरी 4 आहे, त्याच्या आठ-दहा डिस्का आहेत. मंग त्या फेकून द्याच्या का?"

हसू नका. मला तरी हा प्रश्न एकदम बरोबर वाटला.

तुमच्यापैकी जे तिशी-पस्तिशीचे आहेत, त्यांना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आठवत असेल. आमच्या अंजनगावात गल्लीत एकदोन घरी असायचा. कॅसेट अडली की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. डबा कोणाचाही असो, शेजाऱ्याची कॅसेट त्यात बसायची. कारण ते बहुतेक डबे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 1983 सालच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल होते. खुद्द निन्टेन्डोनं 1990 मध्ये सुपर फॅमिकॉम काढला, तर त्यात जुन्या कॅसेट चालत नव्हत्या. म्हणजे नकली डब्यात जी सोय होती ती कंपनीच्या नव्या यंत्रात नव्हती!

सोनीचंही असंच खालीवर झालं. 2000 साली आलेल्या प्लेस्टेशन 2 वर पहिल्याचे गेम चालायचे. 2006 च्या प्लेस्टेशन 3 मध्ये सुरुवातीला जुन्या यंत्राची चिपच बसवली होती, नंतर खर्च वाचवायला ती काढून टाकली. 2013 च्या 4 मध्ये 3 च्या डिस्क चालतच नाहीत, कारण आतला प्रोसेसरच वेगळ्या घडणीचा. 4 आणि 5 ची घडण मात्र सारखी आहे. म्हणून 4 चे चार हजारांहून जास्त गेम आहेत, त्यातले जवळजवळ सगळे 5 वर चालतात.

आता काही जण म्हणतात, नवं यंत्र घेतल्यावर जुनं खेळतं कोण? सोनीचे जिम रायन 2017 मध्ये असंच बोलले होते, की या सोयीची मागणी फार होते, पण वापर फारसा होत नाही. वापराचं त्यांचं म्हणणं खरंही असेल. पण तेच पुढे प्लेस्टेशनचे प्रमुख झाले आणि त्यांच्याच काळात 2020 ला आलेल्या 5 मध्ये ही सोय दिली गेली. काही का असेना, गिऱ्हाईक ते बघूनच घेते, हे कंपनीलाही कळलं असणार.

माझं मत विचाराल तर फरक पडतो, आणि आपल्यासारख्या गावात जास्तच पडतो. इथं एक डिस्क एकाच पोराची नसते. मोठ्याकडून धाकट्याकडे, तिथून मामाच्या पोराकडे जाते, मग कोणी अर्ध्या किमतीत घेते. आपण पुस्तकं अशीच वापरली ना? अभ्यासक्रम बदलला की ताईचं पुस्तक रद्दीत जायचं, तेव्हा घरातला चेहरा आठवा.

पण इथं एक मेख आहे. भारतात 2021 मध्ये 5 आला तेव्हा त्याचे दोन प्रकार होते. डिस्कवाला 49,990 रुपयांचा, आणि बिनडिस्कचा 39,990 चा. दहा हजार वाचतात म्हणून कोणी दुसरा आणला, तर गेम चालायची सोय असूनही डिस्क घालायला फटच नाही. नंतर आलेल्या बारीक मॉडेलला ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो, पण तो खर्च वेगळा. बिनडिस्कवाल्यात गेम विकतही येत नाही आणि मित्राला देताही येत नाही.

शाळेतही हेच पाहतो आपण. आमच्या कपाटात गणिताच्या खेळांच्या सीड्या पडून आहेत. पोरं आवडीनं खेळायची. नवे टॅब आले, त्यात सीडी घालायची जागा नाही. खेळ वाईट नव्हते हो!

(प्लेस्टेशन घ्याच, असं मी म्हणत नाही. मैदान आहे, ते फुकट आहे.)

त्या पालकांना एवढंच सांगितलं, घ्यायचाच असेल तर डिस्कवाला घ्या. ते म्हणाले, "संत्र्याचा सौदा होऊ द्या, मंग पाहू." धाकटा माझ्या चौथीत आहे. त्यानं घरच्या सगळ्या डिस्कांची यादी करून मला तपासायला आणली. दोन नावं चुकली होती, दुरुस्त करून दिली.